इतिहासातल्या नीच माणसांवर हसावं का? श्रोत्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी आणि माझा आतेभाऊ, दोघंही दांडिया बाजारात वाढलेले बडोदेकर. ज्यांनी सत्ता हाती असताना माणसांचे हाल केले अशांच्या गोष्टी आम्ही पॉडकास्टवर मराठीत, हसत-हसवत सांगतो. श्रोते फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, खंडेराव मार्केटात भाजी घेताना गाठून विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न आम्हालाही सोपे गेलेले नाहीत.

तुमच्या एका भागात नेमकं काय असतं?

एक माणूस, त्याचा काळ आणि त्यानं केलेलं वाटोळं. साधारण पाऊण तास. बांधणी सरळ कीर्तनाची आहे. आतेभावाचे आजोबा कीर्तनकार होते आणि लहानपणी आम्ही दोघं त्यांच्या मागे झांजा घेऊन बसायचो. पूर्वरंगात आम्ही काळ उभा करतो: पैसा कोणाकडे होता, फौज कोणाची होती, कोण कोणाला घाबरत होतं. उत्तररंगात त्या माणसाचं आख्यान. आजोबा कंसाचं सोंग आणायचे तेव्हा सगळं देऊळ खो खो हसायचं, आणि देवकीच्या तोंडचं वाक्य आलं की त्याच देवळात कोणी खोकायचंही नाही. आम्हाला तेच साधायचं आहे.

"सर्वांत वाईट" कोण हे तुम्ही कसं ठरवता?

आधी बघतो की त्याच्या हातात खरोखर सत्ता होती का. भुकेपोटी चोरी करणारा आमच्या यादीत येत नाही. मग बघतो की त्याला दुसरा मार्ग मोकळा होता का, आणि तो माहीत असूनही त्यानं हाच धरला का. शेवटी, त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच्या शत्रूंच्याच तोंडचा आहे की बाकी कोणी त्याची साक्ष देतं. या तिसऱ्या चाळणीत पुष्कळ नावं गळतात. हरलेल्या माणसाबद्दल जिंकणाऱ्यानं लिहिलेलं वाचताना हात राखून वाचावं लागतं, आणि आमच्या गावाला हे चांगलंच ठाऊक आहे. त्याबद्दल खाली मल्हाररावांच्या प्रश्नात.

माणसांच्या छळावर विनोद करता, हे कसं पटतं तुम्हाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा चांगल्या मनाचे असतात. म्हणून लिओपोल्डच्या भागाचंच उदाहरण देते.

बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८८५ ते १९०८ या काळात काँगोचा मालक होता. मालक हा शब्द मुद्दाम वापरते, कारण ती बेल्जियमची वसाहत नव्हती, त्याची खासगी जहागीर होती. तो तिथे जन्मात एकदाही गेला नाही. युरोपला मात्र सांगत राहिला की आपण गुलामांचा व्यापार थांबवायला आणि लोकांचं भलं करायला निघालो आहोत. गावागावांवर रबराचा कोटा लादला होता. कोटा भरला नाही की बायकांना ओलीस धरायचे, गोळ्या घालायचे. शिपायानं झाडलेल्या गोळीचा हिशेब म्हणून माणसाचा कापलेला हात आणून दाखवायचा. १९०८ साली राज्य हातचं जाताना त्यानं तिथल्या कारभाराची कागदपत्रं जाळून टाकली.

आता यात हसू कुठे आहे? त्याच्या भलाईच्या भाषणांत आहे. आतेभावानं ती भाषणं देणगीच्या पाटीवर स्वतःचंच नाव कोरून घेणाऱ्या यजमानाच्या थाटात वाचली, आणि कागद जाळण्याचा प्रसंग आला तेव्हा त्याच यजमानाला चुलीपुढे फुंकणी घेऊन बसवलं. लोक हसले. हसायलाच हवं होतं. आपण थोर आहोत हे सगळ्या जगाला पटवण्यावर त्या माणसाची सगळी मदार होती. तो थोरपणा सोंग म्हणून उघडा पडला की त्याचा अर्धा दरारा उतरतो.

पण त्याच भागात १९०४ सालच्या एका छायाचित्राबद्दलही बोललो. न्साला नावाचा बाप ओट्याच्या कडेला बसला आहे. त्याच्यासमोर एक लहानसा पंजा आणि एक पाऊल ठेवलेलं आहे. ते त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं, बोआलीचं. छायाचित्र ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलं आणि ते युरोप-अमेरिकेतल्या सभांमधून लोकांना दाखवलं गेलं. तो भाग आम्ही सलग सांगितला, मागचं संगीत बंद ठेवून. दोन्ही नावं स्वच्छ उच्चारली. त्यानंतर भाग संपेपर्यंत एकही विनोद नाही.

आमचा एवढाच नेम आहे: हसायचं ते सत्तेच्या बढाईला. ज्याचं रक्त सांडलं त्याचं नाव सापडलं तर ते घ्यायचं आणि तिथे थांबायचं.

मल्हाररावांवर चार भाग का केलेत? आपल्याच बडोद्याची अब्रू का काढता?

हा प्रश्न गावातलेच लोक विचारतात. एका सभागृहानं आमचा जाहीर कार्यक्रम याच कारणानं दोन दिवस आधी रद्द केला. राग समजतो. पण मल्हारराव गायकवाडांची गोष्ट टाळून बडोद्यात हा पॉडकास्ट करणं आम्हाला खोटेपणाचं वाटलं असतं. लांबच्या राजांना नावं ठेवायची आणि गावातल्या गादीपाशी आल्यावर विषय बदलायचा, हे जमणार नव्हतं.

गोष्ट थोडक्यात अशी. थोरले भाऊ खंडेराव गादीवर असताना त्यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून मल्हारराव पादरा गावात कैदेत होते. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि कैदेतला भाऊ थेट गादीवर आला. खंडेरावांची विधवा जमनाबाई गरोदर होती. मुलगा झाला असता तर गादी त्याची. सगळं बडोदं त्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसलं होतं. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली, मल्हारराव पक्के झाले आणि जमनाबाई पुण्याला निघून गेल्या.

पुढची चार वर्षं रयतेला जड गेली. सावकारांकडून जबरदस्तीनं पैसा काढला गेला, जुन्या कारभाऱ्यांवर सूड उगवला गेला, बायका धरून आणून वाड्यात लौंडी म्हणून ठेवल्या गेल्या. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या म्हणून मल्हाररावांनी सोन्याच्या ओतवल्या. तोफांच्या या प्रसंगावर आम्ही मनापासून हसलो आणि श्रोतेही हसले. मेलेल्या भावाशी चाललेली ती स्पर्धा आहे, आणि तिचा खर्च पाटणपासून नवसारीपर्यंतचा शेतकरी सोसत होता. लौंडींच्या भागात मात्र आम्ही हसलो नाही. त्या बायकांची नावं मिळतील तेवढी शोधली. फार थोडी मिळाली.

अब्रूचं म्हणाल, तर बडोद्याची अब्रू गाऱ्हाणी घेऊन पुढे आलेल्या रयतेनं राखली. इंग्रज सरकारनं १८७३ साली नेमलेल्या चौकशी कमिशनपुढे उभं राहून राजाविरुद्ध बोलणं म्हणजे घरादारावर निखारा ठेवणं होतं. लोक तरीही बोलले. या चार भागांत आम्हाला खरं तर त्या लोकांबद्दल सांगायचं होतं.

मग मल्हाररावांनी रेसिडेंटला विष दिलं होतं की नाही?

९ नोव्हेंबर १८७४. सकाळी कर्नल फेअर, म्हणजे बडोद्यातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी (रेसिडेंट), फिरून आला आणि रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला उचलला. दोन-तीन घोट घेतले. थोड्या वेळानं मळमळायला लागलं म्हणून उरलेलं खिडकीतून ओतून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तपासात त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघालं, शिवाय हिऱ्याची भुकटीही. हिऱ्याची पूड पोटात गेली की माणूस मरतो असा तेव्हा सर्रास समज होता.

या फेअरचं आणि महाराजांचं पहिल्यापासून वाकडं होतं. त्याला बदला अशी मागणी करणारं पत्र महाराजांनी व्हाइसरॉयला धाडलं होतं, तेही या घटनेच्या आठवडाभर आधी. दिवाणपदी दादाभाई नौरोजी होते, आणि फेअरचं त्यांच्याशीही जमलं नाही. त्यामुळे विष देण्याचं कारण महाराजांकडे होतं, हे खरं. पण पत्र धाडून उत्तराची वाट बघणारा माणूस आठवड्यात विष कशाला घालेल, हाही प्रश्न तितकाच खरा.

खटला २३ फेब्रुवारी १८७५ ला सुरू झाला. कमिशनवर सहा जण: कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल हे इंग्रज अधिकारी, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला वकील आणला होता. साक्षीदारांतला मुख्य म्हणजे रेसिडेन्सीतला हवालदार रावजी. त्याच्या कमरेच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण सापडली कधी? विषाच्या घटनेनंतर दीड महिन्यानं, आणि तीही एका पोलिसाच्या हाताला. बॅलंटाइननं यावरच साक्षीच्या चिंध्या केल्या. दुसरा साक्षीदार नरसू जमादार. कबुली दिल्यावर त्यानं विहिरीत उडी घेतली, त्याला बाहेर काढलं आणि साक्षीला उभं केलं.

शेवटी तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, तिन्ही हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तीन विरुद्ध तीन. सरकारनं मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत केलं. मद्रासला धाडलं, तिथेच १८८२ साली ते वारले.

माझं मत विचाराल तर विषाचा आरोप त्या पुराव्यावर टिकत नाही. तरीही ते गादीवर राहायला नको होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे पटवून घ्यायला मला स्वतःला चारही भाग लिहावे लागले. आतेभावाचं मत वेगळं आहे, आणि चौथ्या भागातलं आमचं भांडण आम्ही कापलेलं नाही.

म्हणजे इंग्रजांना सोडून देता का?

नाही. डायरवर दोन भाग आहेत. १३ एप्रिल १९१९, जालियनवाला बागेत १६५० गोळ्या, सरकारी आकड्यानं ३७९ मृत्यू. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की इशारा दिला नाही, जखमींकडे पाहिलं नाही. तिकडे विलायतेत त्याच्यासाठी वर्गणी गोळा झाली. त्या दोन भागांत विनोद जवळजवळ नाही, कारण हसण्याजोगी बढाई आम्हाला सापडली नाही. सापडला तो नुसता थंडपणा.

पेशवाईतलं कोणी? आनंदीबाईंवर भाग कधी?

आनंदीबाईंवर भाग केला, पण बचावाचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावांना गारद्यांनी मारलं. सुमेरसिंग गारदी होता, रघुनाथराव होते, पैसे ठरवणारे होते, दार उघडणारे होते. आणि आपल्या भाषेत उरलं काय, तर "ध चा मा". तो कागद बाईनं बदलला याला भक्कम पुरावा नाही. दोनशे वर्षं आपण रोजच्या बोलण्यात एका बाईवर खुनाचा ठपका ठेवत आलो आणि ज्याच्यासाठी खून झाला त्या रघोबादादाला राघोभरारी म्हणून अटकेपार मिरवत आलो. मला याची चीड येते, आणि ती त्या भागात ऐकू येते.

घाशीराम कोतवालावरचा भाग झाला आहे. सर्जेराव घाटग्यांवरचाही झाला आहे, आणि तो ऐकताना मन घट्ट करा. १७९८ साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पगार भागवायला या गृहस्थांनी पुणेकरांना तापवलेल्या तोफांना बांधून पैसे काढले. बाजीराव दुसरा हे होऊ देत होता. आमच्या प्रत्येक भागात असा एक "होऊ देणारा" निघतोच, आणि हल्ली मी मुख्य खलनायकाच्या आधी त्यालाच शोधते.

इदी अमीनचा भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा का वाटतो?

कारण ती गोष्ट आमच्या शेजारात राहते. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यातले पुष्कळ गुजराती. काही इंग्लंडला गेले, काही इकडे परतले. कारेलीबागेत राहणाऱ्या एका बेननी आम्हाला घरी बोलावलं आणि तीन तास बोलल्या. त्यांच्या आईनं सामानात आडणी-वेलण (पोळपाट-लाटणं) घेतलं होतं, बाकी सगळं घर तसंच टाकून. विमानतळाच्या वाटेवर शिपायांनी गाडी अडवली. एकानं ते वेलण हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं, आत सोनं वाजतंय का ते ऐकायला. मग दगडावर आपटून पाहिलं. त्याचा एका टोकाचा टवका उडाला. बेननी ते वेलण आमच्यासमोर ठेवलं. अजून त्याच्यावरच खाकरे लाटतात.

भागाच्या सुरुवातीला आतेभाऊ अमीनची पूर्ण पदवी वाचतो: तहहयात अध्यक्ष, फील्ड मार्शल, डॉक्टर, पृथ्वीवरच्या सर्व पशूंचा आणि समुद्रातल्या माशांचा स्वामी, ब्रिटिश साम्राज्याचा विजेता. लग्नात आहेर वाचणाऱ्या काकांच्या सुरात वाचतो आणि श्वास पुरत नाही. त्याच्या लगेच पाठोपाठ बेनचा आवाज सुरू होतो, गुजरातीत, भाषांतर न करता. बडोद्यात ते लागत नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी शेवटी मी मराठीत सांगितलं आहे.

हिटलरवर भाग का नाही?

त्याच्यावर पुष्कळ ऐकायला मिळतं. शिवाय आपल्याकडे त्याच्याबद्दल जे भाबडं कौतुक कानावर येतं, त्याला उत्तर द्यायचं तर एक भाग पुरणार नाही. तयारी चालू आहे.

माहितीची खात्री कशी करता?

एकाच ठिकाणी मिळालेली चटकदार गोष्ट आम्ही सांगत नाही. दुसरीकडे, वेगळ्या माणसानं, वेगळ्या बाजूनं लिहिलेली सापडली तरच घेतो. आमचं निम्मं काम मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात होतं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोद्याची ग्रंथालयं उभारली, त्यातलं हे. आतल्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर उतरतो, आणि वर कोणी चाललं की त्याच्या पावलांची सावली आपल्या पानावरून सरकते. मल्हाररावांच्या खटल्याबद्दल तिथे बसून वाचताना मला नेहमी जाणवतं की त्यांच्या जागी आलेल्या मुलानं ही जागा उभारली. कवळाण्याचा गोपाळराव, जमनाबाईंनी १८७५ च्या मे महिन्यात दत्तक घेतलेला, तोच पुढचा सयाजीराव.

चूक सापडली तर?

कळवा, पुढच्याच भागात सुधारतो, सुरुवातीलाच, शेवटी कुठेतरी दडपून नाही. मल्हाररावांना विषप्रयोगाबद्दल काढलं, असं आम्ही पहिल्या भागात बोलून गेलो होतो. रावपुऱ्यातल्या एका निवृत्त वकील काकांनी रात्री दहाला फोन केला: "बाळ, शिक्षा कशाची झाली ते जाहीरनाम्यात बघ, गावगप्पांत नको." त्यांचं बरोबर होतं. तो भाग आम्ही पुन्हा ध्वनिमुद्रित केला.

तुम्ही आमच्या घराण्याचं नाव घेतलंत. काढून टाकाल का?

मजकूर चुकीचा असेल तर लगेच. बरोबर असेल तर नाही, पण तुमची बाजू ऐकून घेऊ आणि परवानगी दिलीत तर ऐकवूही. खापरपणजोबांनी केलेल्याचं ओझं पणतवंडांवर टाकणं आम्हाला मान्य नाही, म्हणून आजच्या वंशजांची नावं आम्ही घेत नाही. हयात माणसांवर भागही करत नाही.

मुलांना ऐकवू का?

बारा वर्षांच्या आत नको. त्यापुढे तुम्ही सोबत बसून ऐकवा. लिओपोल्ड आणि घाटगे हे भाग मात्र आधी एकट्यानं ऐका.

तुमच्या मराठीत इतकं गुजराती का?

बडोद्याची मराठी अशीच आहे. आमच्या घरी आजीपासून "चालेल" इतकंच "चालशे" ऐकू येतं आणि सेव-उसळ खाताना कोणी भाषा बदलत नाही. ही बोली आम्ही पुसून बोलणार नाही.

पुढचा भाग कोणावर?

सोव्हिएत रशियाच्या लायसेंकोवर. स्टालिनच्या मर्जीतला हा शेतकीतज्ज्ञ जनुकांवर आधारलेलं आनुवंशशास्त्र मानत नसे, आणि जे मानत त्यांना त्यानं आयुष्यातून उठवलं. त्यांतले निकोलाय वाविलोव्ह. जगभर हिंडून त्यांनी पिकांचं बियाणं जमवलं होतं, दुष्काळ पडू नये म्हणून. १९४० साली त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात ते उपासमारीनं गेले. त्याच काळात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी त्या बियाण्यावर पहारा देत होते. भोवती धान्याची पोती असताना त्यांतले काही भुकेनं मेले, पण बियाणं खाल्लं नाही. लायसेंकोच्या दाव्यांवर हसायला पुष्कळ जागा आहे आणि आतेभावानं त्याचं सोंग बसवलंही आहे. बियाण्याचा भाग मी सांगणार आहे. दोनदा ध्वनिमुद्रण करायला बसलो, दोन्ही वेळा मधेच थांबावं लागलं. येत्या शुक्रवारी पुन्हा बसतोय.